धोतऱ्याचा उतारा

तालुक्याच्या गावी तीस वर्षे दवाखाना चालवलेल्या माणसाला लोक हटकून विचारतात, "डॉक्टर, तुम्हांला सर्वांत भीती कशाची वाटली?" सापाची नव्हे, पटकीचीही नव्हे, मला धास्ती असे ती सप्टेंबरची. वऱ्हाडात तो कपाशीवरील फवारणीचा हंगाम, आणि घराघरांत, कधी तर पिठाच्या डब्याशेजारीच, कीटकनाशकाची बाटली!

१९८८ सालच्या अशाच एका रात्री बैलगाडीतून एक विशीतला तरुण आला. तोंडातून लाळेची धार, अंग घामाने निथळलेले, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत हुक्क्यासारखा गुडगुडाट आणि कातडीखाली स्नायू वळवळत असलेले. म्हातारी आई पदराने त्याची लाळ पुसत होती. "वाचन का जी पोरगं?" एवढेच ती म्हणाली. फवारताना त्याला भोवळ आली की तो जाणून प्याला, हे मी त्या वेळी विचारले नाही.

त्याच्या शरीरात काय चालले होते ते सांगतो. आपल्या अनेक मज्जातंतूंच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचा एक निरोप्या असतो. १९२१ साली ग्राझ येथे ऑटो लोवी याने बेडकाच्या मंदावलेल्या हृदयाभोवतीचे पाणी दुसऱ्या हृदयाला दिले, तेव्हा तेही मंदावले. (ही युक्ती त्याला म्हणे स्वप्नात सुचली. आम्हांला स्वप्नात दिसतात ते बिल बुडवणारे रोगी!) तोच हा निरोप्या. ग्रंथींना तो 'पाझरा' म्हणतो, हृदयाला 'सावकाश', स्नायूंना 'आवळा'. निरोप पोचताच एक विकर त्याला क्षणार्धात मोडून टाकते. हे कीटकनाशक नेमके त्या विकराचेच हात बांधते. मग निरोप संपतच नाही आणि माणूस आपल्याच छातीतल्या पाण्यात बुडू लागतो.

यावरचा उतारा म्हणजे ॲट्रोपीन, आपल्या धोतऱ्याच्या कुळातले विष! ते निरोप्याची जागा अडवून बसते, म्हणजे निरोप ऐकणारा कोणी उरत नाही. एरवी ०.६ मिलिग्रॅमची एक कुपी पुष्कळ होते. येथे पाच कुपी एकदम, आणि छाती मोकळी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी दुप्पट.

थांबायचे कोठे, हीच मेख आहे. आदल्या वर्षी एका मजुराच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या पाहून मी हात आखडता घेतला होता. पहाटे त्याची छाती पुन्हा भरली आणि तो गेला. बाहुल्या फसवतात, ऐकायची ती फुप्फुसे. हे मला त्याच्या जिवाच्या मोलाने कळले.

म्हणून त्या रात्री मी थांबलो नाही. दोन वाजता कुप्या संपल्या. कंपाउंडरने गुरांच्या डॉक्टरांना उठवून त्यांच्याकडचे ॲट्रोपीन आणले, तेव्हा कोठे चारच्या सुमारास गुडगुडाट थांबला. आता पोरगा बडबडू लागला, हवेतले धागे वेचू लागला, नसलेल्या बैलांना हाकारू लागला. आई घाबरली. धोतरा खाल्लेले पोर असेच बरळते; औषध पुरेसे, किंबहुना थोडे जास्तच झाले होते. मी मात्रा कमी केली.

गंमत अशी, की त्याच विकराला थोडा वेळ अडवणारी औषधे आम्ही मोजून-मापून वापरतो. मायस्थेनिया या रोगात स्नायूंना निरोप नीट पोचत नाही, पापण्याही उचलत नाहीत. १९३४ साली मेरी वॉकर या डॉक्टरीणबाईंनी ग्रिनिच येथे अशा एका रोग्याला फायसोस्टिग्मीन टोचले आणि त्याची शक्ती काही तासांपुरती परतली. हे औषध आफ्रिकेतील कॅलबारच्या ज्या बीपासून निघते, ती बी तेथे एके काळी आरोपींना दिव्य म्हणून खायला घालीत! त्याचेच भावंड निओस्टिग्मीन नागदंशात ॲट्रोपीनच्या जोडीने देतात. डोनेपेझिल म्हाताऱ्यांच्या स्मृतिभ्रंशात देतात.

माझी एक चिंता मात्र उरलीच होती. ॲट्रोपीन ग्रंथी आणि हृदय सांभाळते. हातापायांच्या व श्वासाच्या स्नायूंपुढे त्याचे काही चालत नाही. ते एक-दोन दिवसांनीही दगा देतात, आणि आधी लुळी पडते ती मान. म्हणून मी दर चार तासांनी त्याला उशीवरून डोके उचलायला सांगत होतो. चौथ्या सकाळी त्याने ते उचलले आणि तसेच धरून ठेवले.

"बाप्पा, तोंड कोरडं पडलं," तो पुटपुटला. "पानी दे ना माय."

रात्रभर लाळ पुसलेल्या त्याच पदराने डोळे टिपत म्हातारी तांब्याकडे धावली.