रियालचा पगार कसा मापावा?

आखातातून नोकरीचा कागद आला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "रुपयांत किती होतात?" कोकणात पिढ्यान्‌पिढ्या माणसे जाऊन आलेली आहेत, त्यामुळे कागद वाचून खरेखोटे सांगणारा माणूस तिथे गावातच भेटतो. जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव या भागात तो सहज भेटत नाही. मग टेलर, गवंडी, ड्रायव्हर, फिटर असे तरुण तो कागद घेऊन दुकानात येतात आणि आमच्यापुढे ठेवतात. आम्ही कापडाचे व्यापारी. ठाण घेताना नुसता भाव विचारून आम्ही थांबत नाही. पन्हा किती, धुतल्यावर आटेल किती, हे आधी पाहतो. पगारही धुऊन पाहावा लागतो.

मंचरकडील एका टेलरला सौदीतील कपडे शिवणाऱ्या दुकानात दरमहा १८०० रियालची नोकरी आली. रियालचे २२ रुपये धरले तर ३९,६०० होतात. इथे त्याला महिना २० हजारांच्या आसपास सुटतात. घरच्यांनी दुप्पट पगार म्हणून होकार कळवण्याची तयारी केली होती. एजंटाने सर्व मिळून १ लाख २० हजार मागितले होते आणि त्यासाठी सुनेचे दागिने काढायचे ठरत होते.

कागदात फोड अशी होती: मूळ पगार १२००, जेवणाचे ३००, ओव्हरटाइमचे ३००. राहण्याची खोली मालकाची. आता हे ओव्हरटाइमचे ३०० पाहा. कामाचे तास विचारले तेव्हा बारा असल्याचे कळले. सौदी कायद्यात दिवसाचे आठ आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास आहेत, त्यावरील प्रत्येक तासाला मूळ पगाराचा निम्मा हिस्सा जादा द्यावा लागतो. १२०० रियाल म्हणजे तासाला ५ रियाल, तर जादा तासाचे किमान साडेसात. रोजचे चार तास, महिन्याचे २६ दिवस, असे १०४ तास झाले. त्याचे ७८० रियाल व्हायला हवेत आणि कागदात ३०० लिहिले आहेत. म्हणजे जादा तासाला तीन रियालसुद्धा पडत नाहीत. साध्या तासापेक्षा जादा तास स्वस्त, असा हा सौदा. ज्या महिन्यात काम कमी, त्या महिन्यात हे ३०० मिळतील याचीही हमी नाही. शिवणकामाचा हंगाम रमजानच्या आधी असतो आणि ईदनंतर मंदी येते, हे कापडवाल्याला कोणी सांगायला नको.

तेव्हा धरायचे १५००. त्यातून जेवण, फोन, साबण, केस कापणे, पैसे पाठवण्याचा आकार असे ५०० गेले. सौदीत १ जुलै २०२० पासून विक्रीवर १५ टक्के कर आहे, तोही खर्चात येतोच. राहिले १००० रियाल, म्हणजे २२ हजार रुपये. इथल्या २० हजारांतून त्याचे स्वतःचे खाणे, चहा, येणेजाणे यांचे पाच हजार वजा करा, तर घरात आजही १५ हजार पडतात. फरक निघाला सात हजारांचा. करार दोन वर्षांचा. चोवीस महिन्यांत फरक होतो १ लाख ६८ हजार, त्यातून एजंटाचे १ लाख २० हजार वजा. दोन वर्षे घरापासून दूर राहून हाती ४८ हजार! दागिने गहाण टाकले आणि व्याज लागले, तर तेही राहणार नाहीत.

हाच मुलगा नोंदणीकृत एजंटामार्फत गेला तर चित्र बदलते. भारत सरकारच्या नियमाप्रमाणे एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात. ती रक्कम पाच-सहा महिन्यांत फिटते. इकामा, त्याचे नूतनीकरण, कामाचा परवाना आणि करार संपल्यावर परतीचे तिकीट हे खर्च सौदी कायद्याने मालकाच्या अंगावर आहेत. ते एजंटाच्या यादीत दिसले तर कारण विचारावे. तो मागाहून ओरडला तरी चालेल.

मूळ पगाराचा आकडा लहान आणि भत्ते मोठे, ही चाल दुबईकडच्या कागदांत विशेष दिसते. तिथे नोकरी सुटताना मिळणारी रक्कम मूळ पगारावर मोजतात, पहिली पाच वर्षे दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार. १८०० दिरहॅमच्या नोकरीत मूळ पगार ८०० लिहिला असेल तर वर्षाचे ५६० होतात, पूर्ण १८०० लिहिला असता तर १२६० झाले असते. सौदीत पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी अर्धा पगार आहे. दोन वर्षांचा एक पगार होतो, तो मागितल्याशिवाय विमानात बसू नये.

आम्ही उर्दू शाळेत शिकलेले. अक्षरे तीच, म्हणून अरबी करार आपल्याला कळतो असा काहींचा समज असतो. तो कळत नाही. पण दोन-तीन शब्द मात्र ओळखता येतात. 'रातिब' म्हणजे पगार, 'रातिब असासी' म्हणजे मूळ पगार, 'बदल' म्हणजे भत्ता, 'बदल सकन' राहण्याचा. उर्दूतील असास आणि सुकूनत आठवा, जुळेल. या शब्दांपुढील आकडे इंग्रजी प्रतीतील आकड्यांशी ताडून पाहावेत. फरक दिसला तर सही करू नये, कारण सौदीत वाद झाला तर अरबी मजकूरच धरला जातो.

जुने लोक १९९३ ची गोष्ट सांगतात, तेव्हा रियालचे साडेआठ रुपयेही पुरते येत नव्हते, आज बघा! खरे आहे. रियाल १९८६ पासून डॉलरला पावणेचारच्या भावाने बांधलेला आहे, घसरला तो आपला रुपया. पण नारायणगावात तेव्हा मजुरी किती होती आणि घराची जागा काय भावाने मिळत होती, तेही सोबत सांगायला हवे.

शिकलेल्या मुलांचा हिशेब वेगळा. बायको-मुले सोबत नेणार असतील तर सौदीत जुलै २०२० पासून कुटुंबातील प्रत्येक माणसामागे दरमहा ४०० रियाल शुल्क आहे. पत्नी आणि दोन मुले, वर्षाचे १४,४०० रियाल. घरभाडे आणि शाळेची फी त्याहून निराळी. कतारमध्ये मार्च २०२१ पासून किमान १००० रियाल पगार, आणि मालक खोली व जेवण देत नसेल तर त्याचे ५०० आणि ३०० वेगळे, असा कायदा आहे. त्यापेक्षा कमी आकडा तिथल्या कोणत्याही कागदावर दिसता कामा नये.

दहावी न झालेल्या मुलांच्या पासपोर्टवर परवानगी लागण्याची नोंद असते. त्यांनी टुरिस्ट व्हिसावर जाऊ नये. एजंटाचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट यादीत तपासता येतो. त्या मार्गाने गेले की दहा लाखांचा विमाही होतो, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि कर. करार तिथे नोंदला जातो, त्याची एक प्रत घरी ठेवावी. पोहोचल्यावर दुसऱ्याच कागदावर सही मागितली गेली, तर हीच प्रत दूतावासात दाखवायची असते.