पडद्यामागचे फंक ब्रदर्स

'माय गर्ल'ची सुरुवात आठवतेय? 'टेम्प्टेशन्स'नी अजून तोंडही उघडलेलं नसतं. आधी बास, मग पायऱ्या चढत जावं तशी वर जाणारी गिटार. १९६४चं गाणं, पण आजही कुठल्याही कॅफेत लागलं की शेजारच्या टेबलावरचं कुणीतरी गुणगुणतंच. ती गिटार वाजवली रॉबर्ट व्हाइटने. हे नाव मला कळलं ते 'स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाउन' ही २००२ची डॉक्युमेंटरी बघताना.

व्हाइट 'फंक ब्रदर्स'मधला. म्हणजे डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची घरची वादकमंडळी. बेरी गॉर्डीने १९५९मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन कंपनी काढली आणि वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका साध्या घरात स्टुडिओ थाटला. वादक शहरातल्या जॅझ क्लबांतून उचलले. सुप्रीम्स, स्टीव्ही वंडर, मार्विन गे... पुढचे चेहरे बदलायचे, मागची टीम तीच. एल्व्हिस, बीटल्स, बीच बॉइज आणि रोलिंग स्टोन्स यांची सगळी मिळून होतील त्याहून जास्त नंबर वन गाणी यांनी वाजवली, असा फिल्मचा दावा आहे. निम्मा खरा धरला तरी बास झाला!

त्यांना कामाचे पैसे मिळायचे, रॉयल्टी नाही. मग काय, बाहेरची कामं! जॅकी विल्सनचं 'हायर अँड हायर' (१९६७) मोटाउनचं नाही, पण यांच्यातलेच काहीजण शिकागोला जाऊन गुपचूप वाजवून आले. नोकरी सांभाळून फ्रीलान्स करणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको.

माझा लाडका मात्र बासवाला जेम्स जेमर्सन. तो उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा आणि तारा तुटेपर्यंत बदलायचा नाही. पॉल मॅकार्टनीही त्याला मानतो. पण १९७१च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'पर्यंत मोटाउनच्या मोठ्या अल्बमवर वादकांची नावंच छापली जात नसत. पुढच्याच वर्षी कंपनीने बाडबिस्तरा लॉस एंजेलिसला हलवला. १९८३मध्ये मोटाउनच्या पंचविशीचा झगमगता सोहळा झाला, तोच ज्यात मायकल जॅक्सनने मूनवॉक केला. जेमर्सन तिथे होता, पण तिकीट काढून, वर बाल्कनीत. त्याच ऑगस्टमध्ये तो गेला, वय फक्त ४७.

आपल्याकडे तरी काय वेगळं? प्यारेलालजींनी आपल्या गोव्याच्या व्हायोलिन गुरूंचं नाव 'अमर अकबर अँथनी'च्या (१९७७) गाण्यात गुंफलं. पण अँथनी गोन्साल्विस म्हटलं की आपल्याला आठवतो तो अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ!

डॉक्युमेंटरीतला एक किस्सा माझ्या डोक्यातून जात नाही. लॉस एंजेलिसच्या एका रेस्टॉरंटमध्ये व्हाइट जेवायला बसलाय आणि 'माय गर्ल' लागतं. तो वेटरला सांगायला तोंड उघडतो, आणि मग फक्त ऑर्डर देतो.

फिल्म आली तोवर व्हाइटही नव्हता. २००४मध्ये फंक ब्रदर्सना ग्रॅमीचा जीवनगौरव मिळाला, तेव्हा त्यांच्यातले मोजकेच उरले होते.

आज घरी जाताना हेडफोन लावून 'फोर टॉप्स'चं 'बर्नाडेट' ऐका. पहिल्यांदा गायकाकडे लक्ष जाईलच, तो ओरडतोच तसा. दुसऱ्यांदा फक्त खालचा बास ऐका. हो, जेमर्सनच.