रणांतील घोडे आणि त्यांचें ऋण

दिल्लींत तीनमूर्ति या नांवाचा चौक प्रसिद्ध आहे. चौकाच्या मध्यभागीं एक दगडी स्तंभ असून त्याच्याभोंवतीं तीन सैनिकांचे ब्रॉंझचे पुतळे उभे आहेत. जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद या तीन संस्थानांच्या घोडदळांचे हे प्रतिनिधि. पहिल्या महायुद्धांत पश्चिम आशियाच्या रणभूमीवर त्यांचे जे सोबती कामास आले, त्यांच्या स्मरणार्थ हे पुतळे उभारण्यांत आले. स्मारक सुंदर आहे. परंतु थोडें थांबून पाहणाऱ्याच्या मनांत एक प्रश्न आल्यावांचून राहत नाहीं. तिन्ही वीर स्वारच. मग त्यांचे घोडे कोठें आहेत?

या प्रश्नाचें उत्तर हैफाच्या लढाईच्या हिशेबांत सांपडतें. ता. २३ सप्टेंबर १९१८ रोजीं जोधपूरच्या भालाइतांनीं म्हैसूरच्या स्वारांच्या साहाय्यानें पॅलेस्टाईनमधील हैफा हें बंदर तुर्कांच्या हातून घेतलें. एका बाजूस कार्मेल पर्वताचा चढ, दुसऱ्या बाजूस किशोन नदीची दलदल, आणि समोर तोफा व यंत्रबंदुका, अशा चिंचोळ्या वाटेनें घोडे भरधांव गेले. मेजर दलपतसिंग या लढाईंत पडले. या दिवशीं ८ सैनिक ठार व ३४ जखमी झाले, अशी नोंद आहे. त्याच नोंदींत पुढें लिहिलें आहे, ६० घोडे मेले आणि ८३ जखमी झाले. माणसांकडे येणारा मारा किती तरी अंशीं घोड्यांनींच आपल्या अंगावर घेतला, हें या आंकड्यांवरून उघड होतें.

तें युद्ध यंत्रांचें होतें, असें सामान्यतः म्हटलें जातें. विमानें, रणगाडे आणि विषारी वायु यांचा उपयोग त्यांत झाला हें खरेंच. परंतु त्या काळच्या मोटारी फ्रान्समधील चिखलांत रुतून बसत. तोफ जागेवर नेण्यास सहा घोडे जुंपावे लागत; दारूगोळा, शिधा, जखमी माणसें, या सर्वांची वाहतूक घोडे व खेंचरें यांच्याच पाठीवर चाले. १९१४ च्या ऑगस्टमध्यें ब्रिटिश सैन्यापाशीं सुमारे २५,००० घोडे होते. युद्ध पुकारल्यावर कांहीं दिवसांतच शेतकरी, गाडीवाले आणि व्यापारी यांच्याकडून लाखाहून अधिक घोडे गोळा करण्यांत आले. कालपर्यंत नांगर ओढणारें जनावर आज तोफ ओढूं लागलें. ब्रिटनहून फ्रान्सला पाठविलेल्या मालाचा हिशेब पाहिला तर आश्चर्य वाटतें. दारूगोळा गेला सुमारे ५२ लाख टन. ओट व वाळलेलें गवत गेलें सुमारे ५४ लाख टन. तोफेपेक्षां घोड्याचें पोट भरण्यास अधिक जहाजें लागलीं!

या युद्धांत सर्व पक्षांचे मिळून घोडे, खेंचरें आणि गाढवें सुमारे ८० लाख मेलीं, असा अंदाज आहे. एकट्या ब्रिटिश सैन्यानें ४ लाख ८४ हजार घोडे गमावले. यांतील बहुतेक गोळ्यानें मेले नाहींत. थंडी, चिखल, उपासमार, अतिश्रम आणि रोग हेच त्यांचे खरे शत्रु. खरजेचा उपद्रव टाळावा म्हणून अंगावरचे केंस कातरावेत, तर त्याच घोड्यांना हिवाळा सोसवत नसे. पशुवैद्यांनीं मात्र शर्थ केली. त्यांच्या इस्पितळांत आलेल्या शंभर जनावरांपैकीं सुमारे ऐंशी बरीं होऊन पुन्हां कामावर जात. हें यश खरें. तरी बरें होणें म्हणजे पुन्हां त्याच चिखलांत परत जाणें, हेंही विसरतां येत नाहीं.

पॅलेस्टाईनच्या वाळवंटांत चिखलाची जागा तहानेनें घेतली. तेथें ऑस्ट्रेलियाचे ‘वेलर’ घोडे प्रसिद्धीस आले. न्यू साऊथ वेल्स या प्रांतावरून पडलेलें हें नांव मूळचें हिंदुस्थानांतलेंच. कारण एकोणिसाव्या शतकापासून येथील लष्करासाठीं हे घोडे जहाजांतून आणले जात. स्वार, खोगीर, शस्त्रें, शिधा आणि पाणी मिळून सुमारे १३० किलोंचें ओझें ते वाहत. ता. ३१ ऑक्टोबर १९१७ रोजीं बीरशेबा गांवावर सूर्यास्ताच्या सुमारास जो प्रसिद्ध हल्ला झाला, त्याच्यामागें गांवांतील विहिरी हातीं घेण्याची निकड होती. त्या विहिरी बहुतेक शाबूत मिळाल्या, म्हणून हजारों तहानलेलीं जनावरें वांचलीं.

स्वार आणि घोडा यांचें हें नातें मराठी माणसाला समजावून सांगावें लागत नाहीं. सरकारी पागेंतील घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार, हा भेद शिवकालापासून चालत आलेला. पुढें इंग्रजांनींही हिंदी घोडदळांतील बहुतेक पथकें याच शिलेदारी पद्धतीवर ठेविलीं. पुण्याचें नांव धारण करणारें व १८१७ सालीं उभें राहिलेलें ‘पूना हॉर्स’ हें पथक त्यांपैकींच एक असून, तें फ्रान्समध्यें व नंतर पॅलेस्टाईनमध्यें लढलें. शिलेदाराचा घोडा गेला म्हणजे त्याची चाकरी आणि प्रतिष्ठा दोन्ही धोक्यांत येत. महायुद्धाच्या ताणाखालीं ही पद्धति मोडली आणि लौकरच बंद झाली. त्यापुढें घोडा सर्वस्वीं सरकारचा झाला. आणि सरकारच्या वहींत घोडा म्हणजे एक आंकडा.

युद्ध संपल्यावर या आंकड्यांचें काय करावयाचें, हा प्रश्न उभा राहिला. ऑस्ट्रेलियानें १,३०,००० हून अधिक घोडे परदेशीं पाठविले होते. त्यांपैकीं मायदेशीं परत गेला तो एकच. जनरल ब्रिजेस यांचा ‘सँडी’. जहाजाचा खर्च आणि रोगप्रतिबंधाचे नियम बाकीच्यांच्या आड आले. ऑस्ट्रेलियन सैन्याजवळ शेवटीं उरलेल्या सुमारे १३,००० घोड्यांपैकीं ११,००० विकण्यांत आले. त्यांतील बहुतेक हिंदुस्थानांतील लष्कराकडे आले, आणि सुमारे २,००० वय किंवा दुबळेपणा यांमुळें बाद ठरविण्यांत आले. ब्रिटिश सैन्याचेही हजारों घोडे ईजिप्तच्या बाजारांत विकले गेले.

१९३० सालीं डोरोथी ब्रूक या बाई, पति सेनाधिकारी असल्यानें, कैरोस आल्या. शहराच्या गल्ल्यांतून गाड्या ओढणारे हाडांचे सांपळे त्यांनीं पाहिले. त्यांच्या अंगावर सैन्याचा बाणाच्या आकाराचा डाग अजून स्पष्ट दिसत होता. युद्धास बारा वर्षें लोटलीं होतीं आणि हे घोडे अजून राबतच होते. बाईंनीं १९३१ सालीं लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ पत्रांत एक पत्र लिहून मदत मागितली. लोकांनीं पैसे पाठविले, आणि तीन वर्षांत असे सुमारे ५,००० घोडे विकत घेण्यांत आले. बहुतेक इतके जराजर्जर झाले होते कीं, कांहीं दिवस पोटभर चारा, पाणी आणि मऊ गवताची गादी देऊन त्यांना वेदनेवांचून मरण देणें, एवढीच दया उरली होती. मालकांना बाईंनीं दोष दिला नाहीं. तेही गरीबच होते. घोडा थांबला तर घरची चूल थांबत असे. म्हणून त्यांनीं घोड्याची किंमत चुकती केली, आणि १९३४ सालीं कैरोंत गरिबांच्या जनावरांसाठीं मोफत इस्पितळ काढलें. त्याला नांव दिलें युद्धांतील वृद्ध घोड्यांच्या स्मारकाचें. त्यांतून वाढलेली संस्था पुढें अनेक देशांत, हिंदुस्थानांतही, कामकरी घोडे व गाढवें यांच्यासाठीं झटूं लागली.

घोड्यांचीं दगडी स्मारकेंही झालीं. बोअर युद्धांत ब्रिटिश पक्षाचे तीन लाखांहून अधिक घोडे मेले. ज्या बंदरांत त्यांतील कित्येक उतरविले गेले, त्या दक्षिण आफ्रिकेंतील पोर्ट एलिझाबेथ येथें १९०५ सालीं एक शिल्प उभें राहिलें. त्यांत सैनिक गुडघे टेकून घोड्यापुढें पाण्याची बादली धरतो. लंडनमध्यें हाईड पार्कच्या कडेला २००४ सालीं युद्धांतील सर्व जनावरांचें स्मारक झालें. ओझ्यानें वांकलेलीं दोन खेंचरें त्यांत भिंतींतील फटीकडे जात आहेत. या जनावरांना निवड करण्याची मुभाच नव्हती, अशा अर्थाचे थोडे शब्द तेथें कोरले आहेत. सर्व गोष्टीचें मर्म त्यांतच आहे. सैनिकाला निदान कशासाठीं मरतों हें सांगितलें जातें. घोड्याला फक्त लगाम कळतो.

पोळ्याच्या दिवशीं शेतकरी बैलाच्या खांद्यावर जूं ठेवीत नाहीं. त्याला न्हाऊं घालतो, पुरणपोळीचा घांस देतो. दसऱ्यास घोड्याची पूजा करण्याची चाल आपल्याकडे होती. गंधफूल एक दिवसाचें. परंतु त्यामागची कल्पना अशी कीं, राबणाऱ्या मुक्या जिवाचें देणें माणसाकडे निघतें. तीनमूर्तीच्या चौकांत घोडा नाहीं, ही उणीव शिल्पकार एखादे वेळीं भरून काढील. कैरोच्या गल्लींतील घोड्याची उणीव मात्र पुतळ्यानें भरली नसती; तेथें चारा, पाणी आणि औषधच लागलें.