क्लॅरिनेट ऐकून देश ओळखता येतो?

पन्नास-साठ वर्षांपूर्वीची रेकॉर्ड असेल तर पुष्कळदा येतो. आजच्या वादकाबाबत मात्र पैज लावू नये.

फरक मुळात वाद्यातच आहे. वादक क्लोझे आणि वाद्यनिर्माते ब्यूफे यांनी १८३९च्या सुमारास पॅरिसमध्ये बोएम पद्धतीच्या चाव्यांचे क्लॅरिनेट आणले. पुढे इंग्लंड-अमेरिकेनेही तेच उचलले. जर्मनीने ओलर पद्धत धरली, ऑस्ट्रियाने तिचाच जवळचा प्रकार. तिथे चाव्या वेगळ्या, आतली पोकळी वेगळी, मुखनळीही वेगळी. रीड धातूच्या पट्टीऐवजी दोरा गुंडाळून घट्ट बांधण्याची जर्मन वादकांची रीत अजून टिकून आहे. त्यांचा स्वर गडद, भरीव. फ्रेंचांचा उजळ आणि चपळ. इंग्लंडचे वादक रेजिनल्ड केल स्वरात मुद्दाम कंप घेत. जर्मन परंपरेत तो जवळपास वर्ज्यच!

पण कानाला कळते ते वाद्य आणि तालीम; पासपोर्ट नव्हे. अमेरिकन वादक बहुधा फ्रेंच बनावटीचेच वाद्य वाजवतो, मग ओळखणार काय? शिवाय विद्यार्थी आता देशोदेशी शिकतात, रेकॉर्डिंग सगळीकडे पोहोचते; जुन्या सीमा पुसट झाल्या आहेत. एक ठळक अपवाद व्हिएन्ना फिलहार्मोनिकचा: तिथे आजही व्हिएनीज क्लॅरिनेटच वाजते.