मोटारीसाठी बांधलेली खोली

घरातल्या बाकी खोल्या माणसांसाठी बांधतात, गॅरेज मोटारीसाठी. मोटारीला खिडकी लागत नाही. उजेड एका दिव्याचा पुरतो, तोही टपावर पडणारा. जमीन तिला दाराकडे उतरती लागते, म्हणजे धुतलेलं पाणी आपोआप बाहेर जातं. आणि जोतं रस्त्याच्या बरोबरीचं लागतं, नाहीतर ती आत चढणार कशी? अशा खोलीत चार फळ्या ठोकून, एक टेबल टाकून जो कामाला उभा राहतो, तो पहिल्याच पावसाळ्यात हत्यारं उचलून परत घरात येतो. मग गॅरेजला नावं ठेवतो. गॅरेजचा काही दोष नसतो. त्याला ज्या कामासाठी बांधलं ते काम ते करत असतं.

मी फिटर. आयटीआयमध्ये शिल्प निदेशक म्हणून मुलामुलींच्या हातात कानस देण्यात नोकरी गेली. निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेनात, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर मिक्सरची मोटार खोलायला सूनबाईंची मनाई. राहिलं गॅरेज. सासऱ्यांनी कोल्हापुरात घर बांधलं तेव्हा त्यांच्याकडे फियाट होती. तिची रुंदी दीड मीटरसुद्धा नव्हती. आता आमच्या दारात आहे ती छोटी एसयूव्ही लांबीला फियाटएवढीच. चार मीटरच्या आत राहिलं की कर कमी बसतो, म्हणून कंपन्या मुद्दाम तेवढ्यावर थांबतात. पण रुंदीला ती पावणेदोन मीटरच्या पुढे. आत जाते, पण दार पुरतं उघडत नाही. उतरणाऱ्याला पोट आत घ्यावं लागतं. त्यामुळे तिचा मुक्काम अंगणात आणि १० फूट बाय १६ फुटांच्या गॅरेजमध्ये तांब्याचा बंब, दोन कूलर, पाहुण्यांच्या गाद्या आणि ‘कधीतरी लागेल’ या जातीतलं सगळं.

ते काढण्याबद्दल फार लिहीत नाही. घराघरातलं भांडण आहे, ज्याचं त्यानं करावं. एवढंच सांगते, की सगळं बाहेर काढा, अर्धं नव्हे. कोपऱ्यात ढीग सरकवून केलेली दुरुस्ती त्या ढिगाखालच्या जमिनीला लागू होत नाही, आणि ओल नेमकी तिथूनच वर येते.

ओलीपासून सुरुवात करा. लोक कपाटांपासून करतात. रिकाम्या जमिनीवर दीड फूट चौरस जाड, पारदर्शक प्लास्टिक पसरायचं, चारी कडा चिकटपट्टीनं पक्क्या बंद करायच्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत, निदान सोळा तास, हात लावायचा नाही. प्लास्टिकच्या आतून दव धरलं किंवा खालची जमीन काळपट दिसली, तर पाणी खालून वर येतंय. अशा जमिनीवर चकचकीत इपॉक्सी ओतलं तर ते फुगून पापुद्र्यांनी निघतं. मोटारीच्या तेलाचे डाग असतील तिथेही ते धरत नाही. परीक्षा जुलैत घ्यावी. मार्चमध्ये सगळ्याच जमिनी पास होतात.

आमची जमीन नापास झाली. गवंडी म्हणाला, “वहिनी, टाइल्स घालूया की, चकाचक हुतंय बघा.” चकाचक होतं, पण हातातून दोन किलोचा हातोडा पडला की टाइल तडकते आणि तेलाचा थेंब सांडला की माणूस आडवा होतो. कामाच्या जागेला कोबाच बरा. जुनी भुसभुशीत जमीन खरवडून काढली, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरला, त्याच्या कडा भिंतीवर चार बोटं वर वळवल्या आणि वर तीन इंच कोबा घातला. खालचं पाणी कागदापाशी अडतं. शिवाय जोतं तेवढंच उंचावलं. ढाळ मात्र ठेवला, पूर्वीच्या निम्मा. पावसाचा एखादा सपकारा शटरखालून आत आलाच तर त्याला बाहेरची वाट हवी. शटरच्या बाहेर आडवी नाली काढून उद्यमनगरातून लोखंडी जाळी करून आणली. तिथं माझा एक जुना विद्यार्थी वेल्डिंग करतो. “मॅडम, माप चुकलं तर ओरडणार न्हाई न्हवं?” म्हणाला. चुकलं नव्हतं.

कोब्यावर आठवडाभर पाणी मारायचं आणि वर काही लावायचं असेल तर अठ्ठावीस दिवस थांबायचं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन होतं. घाई केली की पुढे वर्षानुवर्षं जमीन पीठ सोडते, आणि ते पीठ ड्रिलच्या बेअरिंगमध्ये जाऊन बसतं. त्यावर सिलिकेटचं द्रावण मिळतं, फ्लोअर हार्डनर म्हणून. ते कोब्यातल्या चुन्याशी संयोग पावून वरचा थर कठीण करतं. रंगासारखा त्याचा पापुद्रा नसतो, त्यामुळे सोलण्याचा प्रश्न येत नाही. इपॉक्सीच्या मानानं स्वस्त, दिसायला साधं. मला चाललं.

भिंतींना लोणा लागला होता. विटा जमिनीतलं पाणी ओढतात, पाण्याबरोबर क्षार येतात, पाणी हवेत उडून जातं आणि क्षारांचे खडे गिलाव्यामागे राहून त्याला ढकलतात. यावर बहुतेक जण ऑइलपेंटचा हात मारतात. त्यानं ओल कोंडते आणि आणखी वर चढून रंग संपतो तिथून बाहेर पडते. इलाज बाहेरच्या बाजूनं आहे. आमच्या गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकून सासूबाईंनी अबोलीचा वाफा केलेला. रोज संध्याकाळी त्याला पाणी, म्हणजे पर्यायानं भिंतीला पाणी. वाफा तीन फूट लांब नेला, भिंतीलगतची माती जोत्याच्या खाली उतरवली, आतला गिलावा कमरेइतका उतरवून विटा पूर्ण उन्हाळा उघड्या ठेवल्या आणि मग नवा केला. अबोली नव्या जागी जास्त फुलते, पण हे सासूबाईंच्या तोंडून यायला वर्ष गेलं.

आता उजेड. गॅरेजचा दिवा मधोमध असतो आणि कामाचं टेबल भिंतीला. म्हणजे तुम्ही टेबलाकडे तोंड करून उभे राहिलात की दिवा पाठीमागे, आणि ज्या जागी कापायचं नेमकी तिथं तुमचीच सावली. दिवा टेबलाच्या पुढच्या कडेच्या बरोबर वर हवा, तुमच्या डोक्याच्या पुढे. खोलीत वावरायला ३०० लक्स पुरतात, टेबलावर ५०० तरी लागतात. मोबाइलवरचं उजेडमापक अगदी काटेकोर नसतं, पण टेबलाचे दोन कोपरे एकमेकांशी ताडून बघायला चालतं. छत पांढरं केलंत तर एक ट्यूब वाचते.

ट्यूबवरून एक जुनी गोष्ट. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनं घेतो, त्यामुळे जुन्या चोकवाल्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, पण फिरणाऱ्या चाकाचा वेग त्या तालाशी जुळला की चाक थांबल्यासारखं किंवा उलटं सावकाश फिरल्यासारखं दिसतं. थांबलेलं समजून हात घालणारे असतात. म्हणून कारखान्यांत शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर जोडत. स्वस्तातल्या काही एलईडी पट्ट्यांतही हा दोष आहे. दुकानातच मोबाइलचा कॅमेरा पट्टीवर धरून पाहा. पडद्यावर काळे पट्टे सरकले तर ती खरेदी करू नका.

विजेवर मात्र काटकसर नको. गॅरेजला बहुधा घरातूनच एक बारीक वायर ओढलेली असते, दिव्यापुरती. तिच्यावर ग्राइंडर लावला की वायर तापते. मेन बोर्डापासून स्वतंत्र, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, एवढं परवानाधारक वायरमनकडून करून घ्यायचं. दिव्यांचं सर्किट यंत्रांपासून वेगळं ठेवायचं. ड्रिल अडकून एमसीबी पडला आणि त्याच्याबरोबर दिवेही गेले, तर काळोखात उभे राहता आणि समोर चाक अजून फिरत असतं. सॉकेट टेबलाच्या वर घ्या, म्हणजे वायरी पायात येत नाहीत.

आणि वीज जाते, ही गोष्ट धरून चला. ग्राइंडर चालू असताना वीज गेली, तुम्ही वैतागून चहाला गेलात. परत आली की ग्राइंडर स्वतःहून मिनिटाला २८०० फेऱ्यांनी सुरू होतो, मग समोर नातू उभा असला तरी. यावरची युक्ती खेड्यापाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे: पंपाचा स्टार्टर. हिरवं बटन, लाल बटन. वीज गेली की आतला संपर्क सुटतो आणि कुणी हिरवं बटन दाबेपर्यंत यंत्र मुकाट राहतं. (शेतकरी त्याला वर ‘ऑटो’ लावतात, रात्री-अपरात्री वीज येते म्हणून. तुम्ही लावू नका.)

हवेसाठी मागच्या भिंतीत छताजवळ एक्झॉस्ट फॅन बसवला. समोर शटरच्या खालच्या पट्ट्या जाळीच्या करून घेतल्या. खालून हवा आत, वरून बाहेर. लाकूडकाम करणार असाल तर नाकावर मास्क हवाच. लाकडाची बारीक धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेली आहे, सिगारेटच्या धुराच्या शेजारी. केरसुणीनं ती झाडली की तासभर हवेत तरंगते. व्हॅक्यूम किंवा ओलं फडकं वापरा. छत जुन्या सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असणार हे गृहीत धरा आणि फॅनसाठी त्याला भोक पाडायला जाऊ नका.

एवढं झाल्यावर टेबल. आणि इथं मला थोडं बोलायचं आहे. आयटीआयतली टेबलं एका ठरावीक उंचीची असतात, आणि ती उंची कुणी ठरवली असेल ते माझ्या मुलींकडे बघून कळायचं. पाच फुटांची मुलगी त्या टेबलावर कानस चालवताना खांदे कानापर्यंत नेते. तासाभरात मान धरते, आणि शेरा पडतो की मुलींना हे काम झेपत नाही. नियम खरा असा आहे, आणि तो आमच्या पाठ्यपुस्तकातच आहे: व्हाइसच्या जबड्याचा माथा कामगाराच्या कोपराइतका उंच हवा. मी मुलींच्या पायाखाली लाकडी फळ्या टाकायचे. माझ्या स्वतःच्या टेबलाला मात्र फळी लागली नाही. माझं कोपर जमिनीपासून ३८ इंचांवर, व्हाइस सहा इंच उंच, म्हणून टेबल ३२ इंचांचं. नोकरीत जे मिळालं नाही ते गॅरेजमध्ये मिळालं. आता उंच माणसं येऊन वाकतात, त्यांना वाकू दे.

टेबलाच्या पायांना खालून बोल्ट आणि लॉकनट लावले, त्यामुळे उतरत्या जमिनीवरही ते लेव्हलला येतं. व्हाइसचा आतला, न हलणारा जबडा टेबलाच्या कडेच्या किंचित बाहेर ठेवला, म्हणजे लांब सळई उभी धरता येते. बाकी यंत्रांना चाकं आहेत, ब्रेकवाली.

हत्यारं भिंतीवर लावा आणि प्रत्येकामागे त्याचा आकार रंगवा. जपानी कारखान्यांतून आलेली ही रीत आपल्याकडे ‘फाइव्ह एस’च्या फलकांबरोबर पोचली, आणि पुष्कळ ठिकाणी फलकच तेवढे राहिले. रीत चांगली आहे. संध्याकाळी रिकामा आकार दिसला की पाना अजून कुठल्यातरी इंजिनावर आहे हे कळतं. खंडेनवमीला हत्यारं पुसून हळदकुंकू वाहणाऱ्या आपल्याला हे जड जाऊ नये. रोज लागणारी हत्यारं कमरेपासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात, बाकीची वर-खाली. व्हर्निअर, मायक्रोमीटर भिंतीवर नकोत. कोल्हापूरच्या पावसात त्यांना आठवड्यात गंज दिसतो. ती लोखंडी कपाटात, आणि जून ते सप्टेंबर त्या कपाटात खालच्या कप्प्यात, कशालाही न टेकणारा पंधरा वॅटचा जुन्या पद्धतीचा दिवा जळता. आतली हवा बाहेरच्यापेक्षा जरा गरम राहिली की दव धरत नाही. एलईडी लावून उपयोग नाही, तो पुरेसा तापत नाही.

शटर होतं तसंच ठेवलं, भिंत घातली नाही. मंजूर नकाशात ही जागा वाहनासाठी दाखवलेली असते. हौसेखातर त्यात टेबल ठेवलं म्हणून कुणी विचारत नाही, पण भिंत बांधली किंवा धंदा मांडला की तो वापरातला बदल होतो आणि त्याला महापालिकेची परवानगी लागते. सोसायटीच्या इमारतीतल्या पार्किंगबद्दल तर हा विचार मनातही आणू नये. आमच्या गल्लीत आता सगळ्यांना माझं गॅरेज माहीत झालंय. कुणी इस्त्री आणतं, कुणी पोराची सायकल. दुपारी एक ते चार मी ग्राइंडर लावत नाही, कारण शेजारचे काका झोपतात. परवा तेच काका म्हणाले, “वहिनी, एक बोर्ड लावा की बाहेर, दुरुस्ती करून मिळेल म्हणून.” मी म्हटलं, बोर्ड लागला की दुकान झालं, मग नकाशा आला, अर्ज आला. मिक्सर घेऊन या, नीट करून देते. येताना वाटीभर खोबरं आणा, वाटूनच बघू चालतो का.