हप्ता महिन्याचा, हळद वर्षाची

मी हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतचा, कामाला पुण्यात. आज बोलूया हप्त्यांवर.

अमेरिकेत १९४२ ला कारखाने युद्धाच्या कामाला लागले आणि लोकांसाठी गाड्या बनणं थांबलं. पगार चालू, पण घ्यायला वस्तूच नाहीत. पैसा साठत गेला. १९४५ ला युद्ध संपलं आणि गाडी, फ्रिज, टीव्ही घराघरांत आले, बरेचसे हप्त्यावर. ते पेललं, कारण पगार नियमित होता.

आमच्याकडे हळद नऊ महिन्यांनी निघते. बाबांनी दिवाळीत हप्त्यावर टीव्ही घेतला. तिसऱ्याच हप्त्याला त्यांचा फोन आला, "अरे, हळद अजून जमिनीतच आहे." तेव्हापासून हप्ता मी भरतो.

म्हणून ईएमआयवर क्लिक करण्याआधी एवढंच बघा: घरात पैसा कधी येतो? महिन्याला की सुगीला?