हाताने जेवतो, की भरवावं लागतं?

वाढतं मूल : लेखांक ७

मागच्या लेखात आपण शाळेकडून आलेल्या चिठ्ठीपाशी थांबलो होतो. ‘अक्षर खराब, लिहायला टाळाटाळ, ऑक्युपेशनल थेरपिस्टना दाखवा.’ अशी चिठ्ठी आली की घरात परीक्षेचं वातावरण होतं. आदल्या रात्री मुलाकडून चार पानं गिरवून घेतली जातात. त्याचा उपयोग शून्य, उलट तपासणीला मूल दमलेलं येतं.

कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं देशातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. तिथे शिकवलं जाणारं शास्त्र आजाराच्या नावापेक्षा माणसाच्या रोजच्या कामांकडे पाहतं. मुलाची रोजची कामं म्हणजे जेवणं, कपडे घालणं, खेळणं आणि शाळेत बसून लिहिणं. म्हणून लिखाणाची तक्रार घेऊन गेलेल्या आईला पहिला प्रश्न येतो तो जेवणाचा.

‘‘हाताने जेवतो का?’’

‘‘हो, येतं ना त्याला.’’

‘‘काल रात्री कोणी भरवलं?’’

‘‘मीच. स्वतः खायला बसला की तासभर लागतो हो.’’

माझ्या मते सगळ्या तपासणीत मोलाचा भाग हाच. आपल्याकडे आजी वरणभात भरवते, रिक्षा चुकेल म्हणून आई शर्टाची बटणं लावते, दप्तर बाबा उचलतात. सहा वर्षांच्या मुलाला बटण लावता येत नसेल तर एक तर बोटं साथ देत नसतात, नाहीतर बटण लावायची त्याच्यावर कधी वेळच आलेली नसते. बाहेरून दोन्ही मुलं सारखीच दिसतात. दुसऱ्याला थेरपी नको असते, घाई नसलेला एखादा रविवार पुरतो. कोणतं मूल कुठलं, हे ओळखायला कुठलाही छापील तक्ता कामाचा नाही; त्यासाठी खोदून खोदून विचारावंच लागतं.

मग टेबलाशी बसवून आकृत्या बघून काढायला देतात. उभी रेघ साधारण दोन वर्षांच्या मुलाला जमते, गोल तिसऱ्या वर्षाच्या सुमारास, अधिकाचं चिन्ह चौथ्या, चौकोन साडेचार-पाचला. त्रिकोण त्यानंतर येतो, पतंगासारखा चौकोन आणखी उशिरा. तिरपी रेघ अवघड असते, आणि आपल्या मुळाक्षरांत तिरप्या रेघा नि गोलाई भरपूर. पण थेरपिस्टची नजर कागदावर कमी आणि मुलावर जास्त असते. डाव्या हाताने कागद धरला आहे का, की कागद सरकतोय? पेन्सिल बोटांतून हलते, की आख्खा हात खांद्यापासून हलतोय? दुसऱ्या ओळीलाच डोकं टेबलावर टेकलं का?

त्यानंतरची नाण्यांची चाचणी बघण्यासारखी असते. टेबलावरची नाणी एका हाताने एकेक करून उचलायची आणि त्याच हाताच्या मुठीत साठवायची. हे बहुतेकांना जमतं. आता मुठीतलं एकच नाणं अंगठा आणि तर्जनीच्या टोकाशी आणून डब्याच्या फटीत टाकायचं, बाकीची पडू द्यायची नाहीत. इथे काही मुलं दुसरा हात मदतीला घेतात, काही मूठ छातीशी दाबतात, काहींची सगळी नाणी खणखणत जमिनीवर. लिहिताना पेन्सिल बोटांत किंचित पुढेमागे सरकवावी लागते, तेव्हा हेच कौशल्य लागतं. ते नसताना रोज दोन पानं जास्त लिहायला लावून अक्षर सुधारत नाही, मूल मात्र लिहिण्यावर रुसतं.

मग जमिनीवर. पालथं झोपून हात, छाती आणि पाय एकदम उचलून धरायला सांगतात. आई चक्रावते, तक्रार अक्षराची, मग हे काय? पण खांदा आणि पाठ डळमळीत असेल तर बोटांना भक्कम आधारच नसतो. मिक्सरच्या आवाजाला कान झाकतो का, नखं कापताना आकांत करतो का, हेही विचारतात. अशा सवयी मोजण्यासाठी विनी डन यांची प्रश्नावली बरीच वापरली जाते.

गुणांच्या आकड्यांबाबत मात्र जपून. चाचण्यांची बरीच प्रमाणं अमेरिकेतल्या मुलांवरून ठरलेली आहेत. ज्याने कात्री कधी हातातच धरली नाही, त्याचे कात्रीचे गुण कमी येणारच. अडीच वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी बडोद्यात प्रमिला फाटक यांनी भारतीय मोजपट्टी तयार केली, तिचा मोठा आधार आहे. बाळ दिवसांआधी जन्मलेलं असेल तर दोन वर्षांपर्यंत वय मोजताना तेवढे आठवडे वजा करतात. ते विसरलं तर धडधाकट बाळ मागे पडलेलं दिसतं.

शेवटी सेवा द्यायची की नाही, हे एकट्या आकड्यावर ठरू नये. आकडा थोडा कमी, पण वर्गातलं काम निभतंय, तर घरी करायच्या चार गोष्टी सांगून तीन महिन्यांनी परत बोलावणं पुष्कळदा पुरतं. आकडा बरा, पण रोज फळ्यावरचं अर्धंच उतरवून होतंय आणि मूल शाळेला जायला रडतंय, तर मदत द्यायला हवी. नजर तपासली नसेल तर आधी डोळ्यांचे डॉक्टर.

खर्चाची काळजी असलेल्यांनी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांतल्या मुलांची एकदा तपासणी होते. वाढीत अडचण दिसलेल्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं असतं. हा कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे.

जाताना शाळेच्या वह्या न्या, अगदी खाडाखोडीच्या. मुलाची रोजची पेन्सिल आणि चष्मा असेल तर तोही. मूल उपाशी किंवा झोपाळलेलं असेल ती वेळ घेऊ नका. आणि तपासणी चालू असताना शेजारून ‘‘अरे, काल तर जमलं होतं!’’ म्हणू नका.

पुढच्या आठवड्यात : तपासणीचा अहवाल कसा वाचावा.